पंच्याहत्तराव्या प्रश्नाला बंद पडलेला कॉम्प्युटर

रशीदा परकार आमच्या दुकानात पहिल्यांदा आल्या त्या मला फसवायला. हे मी त्यांच्या तोंडावरही सांगतो आणि त्या दर वेळी चिडतात. "काय हो गुणवंतभाऊ, किती वर्षं तेच उगाळणार?" पण त्यांची गोष्ट सांगायची तर तिथूनच सुरुवात करावी लागते, त्याला माझा इलाज नाही.

साल १९९५. मी दुबईत करामाच्या एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचो. ड्रायव्हिंग लायसन्ससाठी डोळे तपासल्याचा कागद लागायचा आणि तो आमच्याकडे मिळायचा, त्यामुळे बाकड्यावर कायम माणसं. गंमत अशी, की या माणसांना वाटायचं ही परीक्षा आहे. पुढचा माणूस तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायचा, ती मागचे सगळे बसल्या बसल्या पाठ करायचे. एका पठाणाने तर खुर्चीत बसायच्या आधीच, माझ्याकडे बघत, तक्त्याकडे पाठ करून, ती ओळ घडाघडा म्हणून दाखवली होती.

रशीदाबाईही त्याच बाकड्यावर बसून आलेल्या. चौतिशीच्या, डोक्यावर ओढणी, हॉस्पिटलचे पांढरे बूट. शेवटची ओळ त्यांनी खणखणीत वाचली. मी म्हटलं, आता तिच्या वरची वाचा. वरची ओळ मोठ्या अक्षरांची, पण बाई गप्प. मी तक्ता उलटा केला, मागच्या बाजूला दुसरी अक्षरं होती. पहिल्या तीन ओळी नीट आल्या, चौथीत अडखळल्या, पाचवीत निम्मी चुकली.

"सिस्टर, तुम्हाला नंबर आहे," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "मी आजवर एकाही परीक्षेत नापास झालेली नाही. हर्णैत शाळेत पहिली, नर्सिंगला पहिली. समजलं?"

"अहो, पण ही परीक्षा नाही. तुम्ही चुकेपर्यंत मला विचारत जावं लागतं. चुकलाच नाहीत तर नंबर कुठून काढू?"

त्यांना ते मुळीच पटलं नाही. चष्मा मात्र घेतला, आणि आठ दिवसांनी येऊन म्हणाल्या, "रस्त्यावरच्या पाट्यांवर एवढं लिहिलेलं असतं होय?" तिथून आमची ओळख. पुढे त्या आमच्या घरच्याच झाल्या. माझी बायको आशा ऊद मेथाच्या एका शाळेत शिकवायची, तिच्याच वर्गात रशीदाबाईंची नबिला आली. नवरा हारुन इथल्याच एका गोदामात होता. २००१ साली पाठ मोडून तो हर्णैला परत गेला. उरल्या मायलेकी, अजमानच्या एका खोलीत. नर्सला मुलांचा व्हिसा काढता यायचा, म्हणून नबिला आईच्या व्हिसावर. म्हणजे आईची नोकरी गेली की दोघींचं इथलं राहणं संपलं. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अमेरिकेचं त्यांच्या डोक्यात कधी आलं ते सांगता येत नाही. त्यांच्या वॉर्डातून एकेक मल्याळी नर्स तिकडे जाऊ लागली होती. पण मी विचारलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "नबिला इथे वाढली, पण बारावी झाली की इथे तिचं काय? एक जागा तरी अशी असावी भाऊ, की जिथे मला दर दोन वर्षांनी राहू का म्हणून विचारावं लागणार नाही." मग एक दिवस दुकानात येऊन, इकडेतिकडे बघून, विचारलं, "तुमच्या पोस्टाच्या डब्याचा नंबर वापरू का?"

आता ज्यांना इथलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथे पोस्टमन दारात येत नाही. पोस्ट ऑफिसात भिंतभर लोखंडी डबे असतात, त्यातल्या एकाचा नंबर हाच तुमचा पत्ता. आम्हा चाकरमान्यांचा डबा म्हणजे कंपनीचा डबा. रशीदाबाईंचं टपाल हॉस्पिटलच्या डब्यात पडायचं आणि तिथून मेट्रनच्या टेबलावरून यायचं. अमेरिकेचं पाकीट त्या टेबलावरून गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी सगळ्या मजल्यांवर बातमी. म्हणून आमच्या दुकानाचा डबा. त्याची किल्ली माझ्या खिशात, आणि किल्लीबरोबर सगळी चौकशीही माझ्याच खिशात आली. आधीच माझा स्वभाव नाक खुपसण्याचा.

कारण अमेरिकेत नर्स म्हणून काम करायचं तर जी परीक्षा द्यावी लागायची, ती मोठी विलक्षण होती. नबिलाने शाळेच्या कॉम्प्युटरवरून तिची माहिती छापून आणली होती, ती मी दुकानात ठेवून चार वेळा वाचली. सगळ्यांना एकच पेपर नाही. कॉम्प्युटर एक प्रश्न देतो. उत्तर बरोबर आलं तर पुढचा जरा अवघड, चुकलं तर जरा सोपा. मागे जाता येत नाही, प्रश्न सोडता येत नाही. कमीत कमी पंच्याहत्तर प्रश्न, जास्तीत जास्त दोनशे पासष्ट, आणि यंत्राची खात्री पटली की ते आपोआप बंद.

"म्हणजे पासिंगला मार्क किती?" मी विचारलं.

"मार्क नाहीतच, असं ही म्हणते," रशीदाबाई नबिलाकडे हात करून म्हणाल्या. "मार्क नाहीत तर परीक्षा कसली?"

"अम्मी, इट्स नॉट हाउ मेनी यू गेट राइट," नबिला म्हणाली. "इट्स हाउ हार्ड."

"गप. तुला काय कळतंय?"

चष्म्याला येणाऱ्या प्रत्येक नर्सला मी या परीक्षेबद्दल विचारत सुटलो. एक म्हणाली, पंच्याहत्तरला बंद पडलं म्हणजे पास. दुसरी म्हणाली, खलास, पंच्याहत्तर म्हणजे फेल, तिच्या चुलतबहिणीचं तसंच झालं. तिसरीच्या मते शेवटचा प्रश्न सोपा आला तर रडायला घ्यायचं. चौथीने सांगितलं, यंत्राला उशीर केलेला आवडत नाही. मी सगळं वहीत उतरवून ठेवलं. आशा म्हणायची, "परीक्षा त्यांची आणि अभ्यास तुमचा."

रशीदाबाईंचा अभ्यास मात्र जुन्या वळणाचा. सोपे प्रश्न आधी सोडवायचे, अवघड असतील त्यांच्यापुढे पेन्सिलने चांदणी काढून शेवटी परत यायचं. मी म्हटलं, बाई, तिथे परत येता येणार नाही. त्या म्हणाल्या, माहीत आहे, पण हाताला कोण सांगणार?

२००५च्या जानेवारीत ही परीक्षा पहिल्यांदाच अमेरिकेबाहेर सुरू झाली. लंडन, सोल आणि हाँगकाँग. हाँगकाँगला आपल्या पासपोर्टवर व्हिसाशिवाय जाता यायचं. एप्रिलमध्ये चार दिवसांची रजा टाकून, मेट्रनला 'नणंदेकडे लग्न' सांगून, रशीदाबाई एकट्या हाँगकाँगला गेल्या. तक्त्यापुढचं सोडलं तर जन्मात कधी खोटं न बोललेली बाई त्या वाक्याने दोन आठवडे अस्वस्थ होती.

आल्या त्या सरळ दुकानात. "भाऊ, त्यांनी मला मधूनच बाहेर काढलं."

झालं होतं असं. हाताचे ठसे, फोटो, सगळे सोपस्कार झाले, बाई बसल्या. पहिला प्रश्न नबिलालाही आला असता इतका सोपा. मग चढ लागला. पन्नासाव्यानंतर प्रत्येक प्रश्नाची चारही उत्तरं बरोबरच वाटू लागली. त्यांनी मनाशी म्हटलं, दोनशे पासष्ट आहेत, पुढे भरून काढू. पंच्याहत्तरावं उत्तर दिलं आणि पडदा कोरा. त्यांना वाटलं यंत्र बिघडलं. हात वर केला. तिथली बाई हळूच येऊन म्हणाली, तुमचं झालं. आजूबाजूची पोरं अजून खाली मान घालून बसलेली, आणि या एकट्या उठून बाहेर.

"मुख्याध्यापकांनी वर्गाबाहेर उभं करावं तसं वाटलं हो," त्या म्हणाल्या.

निकाल महिनाभरात पत्राने कळणार होता. त्यांनी अमेरिकेतल्या ज्या राज्याकडे अर्ज केला होता ते फोनवर काही सांगत नव्हतं. मी रोज दुपारी दुकान बंद केलं की पोस्टात जायचो. डब्यात विजेची बिलं, लेन्सच्या कंपन्यांची कॅलेंडरं, एकदा कुणा फिलिपिनो माणसाचं चुकून आलेलं लग्नाचं आमंत्रण. अमेरिकेचं काही नाही.

तेवढ्यात हॉस्पिटलचा फॉर्म आला. करार जूनमध्ये संपत होता. अजून दोन वर्षं राहणार की नाही, बुधवारी पाचपर्यंत लिहून द्या. 'हो' लिहून मधेच सोडलं तर कामावर बंदी आणि अनुभवाचा दाखला नाही, आणि दाखल्याशिवाय अमेरिकेत कोण घेणार? 'नाही' लिहिलं आणि परीक्षेत नापास, तर बारा वर्षांची नोकरी गेली, व्हिसा गेला, नबिलाला अर्ध्या नववीतून उचलून हर्णैला न्यायचं. त्यांनी मुदत वाढवून मागितली. मिळाली नाही.

सोमवारी त्या दुकानात आल्या त्या फॉर्म आणि एक डायरी घेऊन. "आता पोस्टाच्या फेऱ्या मारू नका," त्या म्हणाल्या. "मी साइन करते. माझा निकाल मी लावलाय."

"तो कसा?"

आपण सगळे दहावीला करतो तेच त्यांनी केलं होतं. पेपर झाला की घरी येऊन पुस्तकं काढायची आणि उत्तरं पडताळायची. शुक्रवारी अजमानच्या खोलीत दार लावून त्या बसल्या होत्या. बासष्ट प्रश्न आठवले, त्यातले तेहतीस चूक. "निम्म्याहून जास्त. यल्ला, चला, विषय संपला. चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा नापास झाले, तेही एवढं विमानाने जाऊन."

हे बोलताना त्यांचा आवाज फुटला. दहा वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, हारुनची पाठ मोडली तेव्हाही नाही. मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगतो, त्याच क्षणी मला त्या डायरीत काय आहे ते बघायची भयंकर उत्सुकताही वाटली.

"कोणते प्रश्न चुकले?"

"ते नाही सांगणार. बाहेर बोलणार नाही म्हणून तिथे सही केलीय."

"बरं, प्रश्न नका सांगू. नुसत्या टिका आणि काट, पण क्रमाने. क्रम आठवतो?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली. ड्युटी बदलताना पहिल्या बेडपासून शेवटच्या बेडपर्यंत कुणाला काय दिलं ते तोंडी सांगायचं, हे ही बाई रोज करत आली होती. त्यांनी डायरी उघडली. पानभर खुणा होत्या, क्रमवार. सुरुवातीला टिका, टिका, टिका. मग एखादी काट. मग टीक, काट, काट, टीक, काट, टीक, असं शेवटपर्यंत.

मी ते पान बघत राहिलो. हे मी कुठेतरी पाहिलं होतं. कुठेतरी काय, रोज पाहत होतो! मी उठलो आणि मागच्या खोलीतलं जुन्या कार्डांचं खोकं काढलं. ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकलो त्या उस्तादांनी लावलेली शिस्त, वाचलेल्या प्रत्येक अक्षराला टीक नाहीतर काट मारायची आणि कार्ड कधी टाकायचं नाही. १९९५, 'प'. रशीदा परकार. ते कार्ड मी त्यांच्या डायरीशेजारी ठेवलं.

वरच्या ओळींना टिका. मग एखादी काट. मग निम्म्या टिका, निम्म्या काट.

"हे तुमच्या डोळ्यांचं कार्ड. यात तुम्ही नापास आहात?"

त्या कार्डावर वाकल्या.

"मी तुम्हाला चुकेपर्यंत विचारलं होतं, कारण तुम्हाला कुठपर्यंत दिसतं ते चुकल्याशिवाय कळत नाही. ते यंत्रही तेच करतंय, बाई. जमलं की अवघड देतंय, चुकलं की जरा उतरतंय. निम्मं चुकवणं हेच त्याचं काम आहे. तुमच्या जागी कुणीही बसलं तरी निम्मं चुकणार."

त्या बराच वेळ एकदा कार्डाकडे आणि एकदा डायरीकडे बघत होत्या. मग डायरी मिटून फॉर्म पर्समध्ये टाकला आणि चहा न पिता गेल्या. मी स्वतःवर जाम खूश झालो. संध्याकाळभर गिऱ्हाइकांशी उगाच गोड बोललो.

बुधवारी दुपारी दुकान बंद करून घरी जेवायला बसलो आणि आशाला तिसऱ्यांदा तोच पराक्रम सांगू लागलो. तिने आमटी वाढत शांतपणे विचारलं, "आणि जो नापास होतो, त्याचं कार्ड कसं दिसतं?"

माझा घास तोंडाशीच राहिला.

कारण त्याचंही तसंच दिसतं! ज्याला तिसऱ्या ओळीपुढे दिसत नाही त्याच्या तिसऱ्या ओळीत निम्म्या काट, ज्याला सातवीपर्यंत दिसतं त्याच्या सातवीत. खुणा त्याच. ओळ कुठली, हे महत्त्वाचं, आणि ओळ मला माहीतच नव्हती. कुणीही बसलं तरी निम्मं चुकणार, हे मी स्वतःच्या तोंडाने म्हणालो होतो. म्हणजे मी त्या बाईला पास ठरवलं ते कशाच्या जोरावर? आणि आता अडीच वाजले होते.

हात धुऊन वॉर्डात फोन लावला. त्या आल्या फोनवर.

"सिस्टर, फॉर्म दिला का?"

"दिला. सकाळीच. राहणार नाही म्हणून लिहिलं."

"अहो, माझं चुकलं. त्या कार्डावरून पास कळत नाही. नापास माणसाचंही तसंच..."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "सोमवारी बसमध्येच लक्षात आलं. शारजा यायच्या आत."

"मग?"

"तुमच्या कार्डावरून पास नाही कळलं भाऊ. माझी मोजदाद चुकीची होती, तेवढंच कळलं. मग मी काट मोजणं सोडलं आणि जिथे चुकले ते प्रश्न परत मनाशी वाचले. शिकाऊ पोरींचे नव्हते ते. चार पेशंट एकदम खालावलेत, आधी कुणाकडे धावायचं, असल्या जातीचे. तिथे मीसुद्धा रोज चाचपडते आणि डॉक्टरसुद्धा. त्या ओळीपर्यंत मला कुणी उगाच नेलं नसेल." मागे कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. "चुकलं तर हर्णै आहेच. जेवून घ्या तुम्ही. आवाज उपाशी वाटतोय."

फोन ठेवला तरी माझी भीती गेली नाही. त्यांना खात्री होती, मला नव्हती. पुढचे अकरा दिवस मी दिवसातून दोनदा पोस्टात जात होतो. तिथला सुदानी कारकून मला बघितलं की लांबूनच हात हलवायचा, "बुक्रा, इन्शाल्ला." उद्या. रोज उद्या. एकदा मी डब्यात हात कोपरापर्यंत घालून पाहिला, मागे काही अडकलंय का म्हणून.

बाराव्या दिवशी पाकीट आलं. पांढरं, लांबट, अमेरिकेचा शिक्का. मी ते उजेडात धरलं, हे कबूल करतो. काही दिसलं नाही. फोन केला, आणि चारला दुकान उघडलं तेव्हा मायलेकी दारातच उभ्या होत्या.

रशीदाबाईंनी पाकीट कात्रीने, जखमेवरच्या पट्टीचं टोक कापावं तसं नीट कापलं. आतला एकच कागद उलगडून समोर धरला. मग जरा लांब धरला. मग हात पूर्ण लांब केला.

"अम्मी! व्हॉट डझ इट से?"

"पास," त्या म्हणाल्या. "हा एकच शब्द मोठा आहे. बाकी काय लिहिलंय कोण जाणे, अक्षरं मुंग्यांएवढी."

नबिलाने किंकाळी मारून आईला मिठी घातली. बाकड्यावरचे दोन ड्रायव्हर दचकून उभे राहिले. मी त्यांना खुणेने परत बसवलं.

थोड्या वेळाने त्या पुन्हा कागद लांब धरून डोळे बारीक करू लागल्या. खरं म्हणजे तो लांबचं बघायचा चष्मा नुसता कपाळावर चढवला असता तरी त्यांना ती अक्षरं दिसली असती. पण ते मी सांगितलं नाही. मला ते कार्ड पुन्हा बाहेर काढायचं होतं.

"चाळिशी लागली तुम्हाला. बसा खुर्चीत."

जवळचं वाचायचा तक्ता मी त्यांच्या हातात दिला. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, तिसरी वाचली. चौथीत अडखळल्या. बाकड्यावरचे दोघे कान देऊन ओठांतल्या ओठांत पाठ करत होते. पाचवीशी आल्या आणि थांबल्या. दहा वर्षांपूर्वी अशाच थांबल्या होत्या, तो लालबुंद चेहरा मला आठवला.

"ही नाही येत मला," त्या मोठ्याने, अगदी सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. मग माझ्या थबकलेल्या पेनाकडे पाहून हसल्या. "बघताय काय भाऊ? काट मारा."